पाच वॅट आणि मिशन पीक

बे एरियातल्या आपल्या मंडळींत हॅम रेडिओचं लायसन्स असलेले लोक वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत. विचारलं की कळतं. कोणी भूकंपाच्या धास्तीने काढलेलं असतं, कोणी ड्रोनच्या नादात, तर कोणी इंजिनिअरिंगला असताना अँटेनाचा पेपर चुकून चांगला गेला होता त्या आठवणीखातर. काढणं अवघड नाहीच मुळी. टेक्निशियनच्या परीक्षेला ३५ प्रश्न, त्यातले २६ बरोबर आले की पास. मोर्स कोड ह्या लायसन्सला १९९१ पासूनच लागत नाही. नागरिकत्वाचीही अट नाही, अमेरिकेतला टपालाचा पत्ता असला की झालं. म्हणजे एच-वन वाल्यांनाही रान मोकळं. दोन वीकांत अभ्यास, ३५ डॉलर सरकारी फी, आणि तुमच्या नावावर एक कॉलसाइन.

मग पंचवीस-तीस डॉलरचा चिनी हँडी मागवला जातो. तो आला की रिपीटरवर दोनदा 'रेडिओ चेक' होतो. पलीकडून कोणीतरी आजोबा 'लाउड अँड क्लिअर' म्हणतात. त्यांना पुढे काय बोलावं ते कळत नाही. आणि मग तो हँडी ड्रॉवरमध्ये जातो, जुन्या फोनचे चार्जर, इंडियाच्या सॉकेटचा अडॅप्टर आणि कोणे एके काळी विकत घेतलेला अर्दुइनो ह्यांच्या संगतीला.

माझं म्हणणं असं की हे सगळे हँडी वर्षातून निदान एकदा बाहेर यावेत. आणि त्यासाठी उत्तम मुहूर्त म्हणजे व्हीएचएफ कॉन्टेस्ट.

कॉन्टेस्ट म्हटलं की लोक दचकतात. डोळ्यासमोर येतो तो घरामागे साठ फुटी टॉवर, त्यावर अँटेनांचं झाड आणि खाली हेडफोन लावून बसलेला निवृत्त इंजिनिअर. तो असतोच, नाही असं नाही. पण नियम वाचले तर खेळ अगदी साधा आहे. अमेरिकेतली हॅम लोकांची संघटना एआरआरएल वर्षातून तीन मोठ्या व्हीएचएफ स्पर्धा भरवते: जानेवारी, जून आणि सप्टेंबर. ५० मेगाहर्ट्झपासून वरच्या पट्ट्यांवर जास्तीत जास्त लोकांशी थेट बोलायचं. थेट म्हणजे मध्ये रिपीटर नको. आपला कॉलसाइन सांगायचा आणि आपण पृथ्वीच्या कुठल्या चौकटीत उभे आहोत ते सांगायचं. समोरच्याने त्याचं सांगितलं, दोघांनी लिहून घेतलं, संपलं. हवापाणी, तब्येत, तुमची रिग कुठली, काही विचारायची गरज नाही. ज्यांना अनोळखी माणसाशी काय बोलावं हा प्रश्न पडतो (म्हणजे आपण सगळे इंजिनिअर) त्यांच्यासाठी ह्याहून सोयीचं संभाषण माणसाने अजून शोधलेलं नाही.

ती चौकट म्हणजे मेडनहेड ग्रिड. रेखांशाचे २ अंश आणि अक्षांशाचा १ अंश असा एकेक आयत, त्याला दोन अक्षरं आणि दोन आकडे. सनीवेल सीएम८७ मध्ये, सॅन होजे सीएम९७ मध्ये. मधली १२२ अंशांची रेषा साधारण लॉरेन्स एक्स्प्रेसवेच्या आसपासून जाते. रोज संध्याकाळी तिथे ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या देणाऱ्यांनी निदान एवढं तरी समाधान मानावं, की आपण एका ग्रिडमधून दुसऱ्यात चाललो आहोत. सांताक्रूझ सीएम८६, सॅक्रामेंटो सीएम९८, मॉन्टेरी सीएम९६. जितक्या वेगवेगळ्या चौकटी तुमच्या वहीत आल्या, तितक्याने एकूण गुणांना गुणायचं. ५० आणि १४४ मेगाहर्ट्झवरच्या संपर्काला एक गुण, २२२ आणि ४३२ च्या पट्ट्यांवर दोन. समजा १४४ वर २० लोक भेटले सहा चौकटींतले आणि वरच्या ४३२ च्या पट्ट्यावर १० लोक चार चौकटींतले. गुण झाले ४०, चौकटी १०, स्कोअर ४००. सातवीतलं गणित.

आणि ह्या स्पर्धेत फक्त एफएमवाल्यांसाठी वेगळा गट आहे, हे बऱ्याच हँडीवाल्यांना माहीतच नसतं. एकट्याने, खालच्या चार पट्ट्यांवर, १०० वॅटच्या आत. पाच वॅटच्या हँडीने त्यात उतरता येतं, आणि तुमची तुलना साठ फुटी टॉवरवाल्याशी होत नाही.

गेल्या जूनमध्ये मी ह्यासाठी मिशन पीकवर गेलो होतो. फ्रीमाँटचा हा डोंगर आपल्या लोकांना वेगळा सांगायला नको. रविवारी सकाळी वर गेलात तर मराठी, तेलुगू, मँडरिन, सगळं कानावर पडतं, आणि माथ्यावरच्या त्या खांबापाशी फोटोसाठी रांग असते. बहुतेक मंडळी जातात ती स्टॅनफर्ड अव्हेन्यूची वाट जाऊन-येऊन सहा मैलांच्या आसपास, चढ दोन हजार फुटांच्या वर, सावली जवळजवळ शून्य. माथा समुद्रसपाटीपासून ७६७ मीटर. रेडिओच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा हाच.

का, ते सांगतो. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमूळाला ४.१२ ने गुणलं की तुमचं रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातातला हँडी दीड मीटरवर धरला तर क्षितिज पाच किलोमीटर, आणि मध्ये घरं-झाडं आली की त्याचेही दोनच उरतात. ७६७ मीटरवर तेच होतं ११४ किलोमीटर. समोरचाही डोंगरावर असेल तर दोघांची क्षितिजं मिळवायची. सिंहगड घेतल्यावर वर आग पेटवून राजगडाला खूण केली, ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकत आलोय. लाइन ऑफ साइट म्हणजे दुसरं काही नाही. मावळ्यांनी टॉवर बांधला नव्हता, ते आधीच डोंगरावर होते.

आणि दिसत असेल तर पाच वॅट पुरतात का? पुरतात, चिक्कार पुरतात. लिंक बजेट मांडून बघा, कॉलेजात केलं होतं ना! १४६ मेगाहर्ट्झला १०० किलोमीटर अंतरावर मोकळ्या जागेतला तोटा सुमारे ११६ डेसिबल. पाच वॅट म्हणजे ३७ डीबीएम. म्हणजे पलीकडे पोचतात उणे ७९. साध्या एफएम रिसीव्हरला ऐकायला उणे १२० च्या आसपास पुरतं. चाळीस डेसिबल शिल्लक! हँडीसोबत आलेला रबरी अँटेना दोन्हीकडे पाच-पाच डेसिबल खाईल असं धरलं तरी तीस उरतात. तेव्हा 'माझ्याकडे पॉवर नाही' हे कारण खरं नाही. पॉवर आहे, उंची नाही.

असो. तर मी वर. शनिवारी सकाळी ११ ला स्पर्धा सुरू झाली (आपल्या पॅसिफिक वेळेने, रविवारी रात्री आठला संपते). १४६.५२ ही इथली एफएमची ठरलेली कॉलिंग फ्रिक्वेन्सी. तिच्यावर पुकारा सुरू केला. पहिल्या तासात किती लोक भेटले? तीन. समोर अख्खं सिलिकॉन व्हॅलीचं खोरं पसरलंय, गुगल-ॲपलच्या इमारती बोटाने दाखवता येताहेत, त्या खोऱ्यात लायसन्स असलेली किती माणसं राहत असतील आणि किती हँडी चार्जिंगला लावलेले असतील देव जाणे. आणि मी वर उभा राहून सीक्यू सीक्यू करतोय नि खालून फक्त सूं सूं. बाजूने जाणारी एक छोटी मुलगी आईला विचारत होती, हा काका कोणाशी बोलतोय? आईने तिला हळूच पलीकडे घेतलं.

चौथा संपर्क मात्र लक्षात राहिला. मिलपिटासमधून एक आवाज आला, जरा चाचरत. आधी नुसता कॉलसाइन, मग मोठा पॉज, मग, "तुमची स्पर्धा चालू आहे ना? मला मध्ये बोललेलं चालतं का? माझ्याकडे फक्त हँडी आहे." मी म्हटलं, माझ्याकडेही फक्त हँडीच आहे! त्यावर तो हसला. ग्रिड विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. मिलपिटास म्हणजे सीएम९७, मी सांगितलं, त्याने ते मला परत वाचून दाखवलं. म्हणाला, चार महिने झाले लायसन्स काढून, सिंप्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय, बोललेला तुम्हीच पहिला माणूस. वीस मिनिटांनी तोच आवाज मला दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू आला. कोणालातरी ग्रिड समजावून सांगत होता.

'मला चालतं का' हा प्रश्न मी त्यानंतर बरेच दिवस डोक्यात घोळवत होतो. हा माणूस परीक्षा पास झालेला, सरकारने ज्या पट्ट्यावर बोलायचा पूर्ण हक्क दिलाय त्या पट्ट्यावर उभा, आणि परवानगी मागतोय. त्याला कोणी हाकललं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं, इतकंच.

न बोलावण्याला तांत्रिक कारणं आहेत, ती खोटी नाहीत. व्हीएचएफ कॉन्टेस्टची जुनी मंडळी एसएसबी आणि मोर्सवर वाढलेली. एसएसबीला तीन किलोहर्ट्झ रुंदी पुरते, एफएमला पंधरा-सोळा लागते. जितकी खिडकी मोठी तितका आत येणारा गोंगाट जास्त. शिवाय एफएमचा सिग्नल एका पातळीच्या खाली गेला की एकदम कोसळतो, एसएसबीचा कुजबुजल्यासारखा का होईना ऐकू येत राहतो. डोंगराआड, क्षितिजापलीकडे, तीन-चारशे किलोमीटर बोलायचं तर एफएमचं काम नाही, हे मीही मान्य करतो. दुसरं म्हणजे त्यांचे अँटेना आडवे असतात आणि एफएमवाल्यांचे उभे. हा फरक वीस डेसिबलपर्यंत मार खातो. म्हणजे टॉवरवाले आजोबा १४४.२०० वर आडव्या अँटेनाने सॅक्रामेंटोपलीकडे बोलताहेत, आणि पाच मैलांवरचा नवशिका १४६.५२ वर उभ्या अँटेनाने त्यांना हाका मारतोय. दोघं एकाच स्पर्धेत आणि एकमेकांच्या गावीही नाहीत!

त्यात २०१७ मध्ये एफटी८ आलं. कॉम्प्युटरने पंधरा-पंधरा सेकंदांच्या ठोकळ्यांत पाठवायचे संदेश; कानाला ऐकू न येणारा सिग्नलही सापडतो. तंत्र म्हणून कमाल आहे, सॉफ्टवेअरवाला म्हणून मी त्याला सलामच ठोकतो. पण परिणाम असा की सहा मीटरचा पट्टा उघडला की कॉन्टेस्टवाले ५०.३१३ वर ठाण मांडून बसतात, आणि आवाजाने बोलणारा माणूस दिवसभर भिंतीशी बोलल्यासारखा बोलतो. एक नियम तर एफएमवाल्यांच्या मुळावरच होता. पूर्वी ह्या स्पर्धांमध्ये १४६.५२ वर संपर्क करायलाच मनाई होती. हेतू चांगला होता, की कॉलिंग फ्रिक्वेन्सी अडकून पडू नये. पण नवीन माणूस जिथे ऐकत असतो नेमकी तीच जागा बंद. आता ती मनाई उठली आहे. नियम बदलला, सवय अजून बदलायची आहे.

तुम्ही म्हणाल, नाही आले एफएमवाले तर बिघडलं काय? छंदच तर आहे.

बिघडतं. एक म्हणजे ह्या फ्रिक्वेन्सी आपल्याला कोणी आंदण दिलेल्या नाहीत. अमेरिकेत हॅम लोकांकडे २२० ते २२५ मेगाहर्ट्झ असा पट्टा होता. १९८८ मध्ये त्यातले खालचे दोन मेगाहर्ट्झ व्यावसायिक मोबाइल रेडिओला द्यायचं एफसीसीने ठरवलं आणि १९९१ मध्ये ते गेले. आज उरलाय तो २२२ ते २२५. २०१९ च्या जूनमध्ये युरोपात फ्रान्सने एक प्रस्ताव मांडला, की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांच्या उपयोगासाठी विचारात घ्यावा. जगभरच्या हॅम संघटनांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी उन्हाळा संपायच्या आत तो मागे पडला. पण प्रस्ताव येऊ शकतो, एवढं तर दिसलं. पुढच्या वेळी कोणी विचारलं, की बाबांनो, वापरतं कोण हे, तर आपल्याकडे दाखवायला काय आहे? ड्रॉवर?

दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं, आणि ते आपण राहतो त्या जमिनीचं आहे. १७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटं, लोमा प्रिएटाचा भूकंप. ओकलंडमध्ये दुमजली हायवे खाली आला, बे ब्रिजचा एक तुकडा पडला, फोन जाम झाले. अशा वेळी हॅम रेडिओ कामाला येतो, असं आपण सगळेच म्हणतो. अनेकांनी लायसन्स काढलंय तेच मुळी ह्यासाठी. पण आपला सगळा सराव रिपीटरवर. रिपीटर म्हणजे डोंगरावरचं एक यंत्र: वीज, बॅटरी, केबल, टॉवर. ते पडलं तर? कपर्टिनोच्या माझ्या गॅलरीतून मिलपिटासच्या त्या माणसाला थेट ऐकू जाईल का? ईस्ट सॅन होजेला? मधली टेकडी किती खाते? हे कागदावर कळत नाही, बोलून बघावं लागतं. आणि शेकडो लोक एकाच वेळी, वेगवेगळ्या जागांहून, रिपीटरशिवाय थेट बोलून बघताहेत आणि कोण कोणाला ऐकू आलं ते लिहून ठेवताहेत, असा दिवस वर्षात कुठला? कॉन्टेस्टचा. आणीबाणीची रंगीत तालीम वेगळी आखायची गरज नाही, ती जून-सप्टेंबरात आयती ठरलेली आहे. माझ्या वहीतल्या नोंदींवरून मला आज माहीत आहे की घराच्या गॅलरीतून मला पूर्वेचे लोक मिळतात, आणि दक्षिणेला पार्किंग लॉटच्या वरच्या मजल्यावर जावं लागतं. ही माहिती मला कुठल्याही ॲपने दिली नसती.

आता करायचं काय, ते थोडक्यात.

पहिला खर्च अँटेनावर करा, रेडिओवर नाही. रबराचा तुकडा काढून सुमारे १९ इंचांचा पाव लहरीचा लवचीक अँटेना लावला तरी फरक कानाला कळतो. त्याहून मजा हवी असेल तर स्टीलची मोजपट्टी आणि पीव्हीसीचे पाइप आणून तीन काड्यांची यागी बनवा. हा प्रकार हॅम लोकांत जुना आणि प्रसिद्ध आहे, दुपारभराचं काम. मोजपट्टी वाकते म्हणून झुडपांतून नेता येते, मोडत नाही. साध्या डायपोलच्या मानाने त्या दिशेला ताकद तिपटीच्या आसपास. फक्त काड्या उभ्या धरा, आडव्या नाहीत! आणि शक्यतो उंच जागा शोधा. डोंगरच हवा असं नाही, ऑफिसच्या पार्किंगची गच्चीही चालते. सिक्युरिटीवाल्याला आधी सांगून ठेवा, हातात यागी घेऊन गच्चीवर फिरणारा देशी माणूस बघून त्याचा बीपी वाढू नये.

स्वस्त हँडीची एक खोड डोंगरावर कळते. मिशन पीकच्या शेजारी माउंट ॲलिसन आणि मॉन्युमेंट पीकवर प्रसारणाचे टॉवर आहेत. इतक्या जवळून इतका जोरदार सिग्नल आला की ह्या रेडिओचा कान बधिर होतो. मीटर शांत, आवाज शांत, तुम्हाला वाटतं कोणीच बोलत नाही. उपाय गमतीशीर आहे: टॉवरकडे पाठ करा. रेडिओ पोटाशी धरला की आपलं शरीर मध्ये आडोसा होतं. अवजड शरीर जास्त उपयोगी, असं आमच्या एका मित्राचं निरीक्षण आहे (स्वानुभवावरून).

पुकारा १४६.५२ वर करा, पण तिथे तंबू ठोकू नका. दोन-तीन जण जमले की १४६.५५ किंवा ५८ वर सरका, आणि मधूनमधून परत येऊन बघा. एफएममध्ये दोघं एकदम बोलले की जोरदार सिग्नलवालाच ऐकू येतो, दुसरा पार गडप. म्हणून एक झाला की 'अजून कोणी?' असं विचारून थोडं थांबायचं. तो गडप झालेला बहुतेक वेळा हँडीवालाच असतो. लॉग कागदावर लिहा, घरी येऊन टाइप करा. चारच संपर्क झाले तरी पाठवा.

आणि जुन्याजाणत्यांना, म्हणजे टॉवरवाल्या आजोबांना, हात जोडून एक विनंती. तुमच्या त्या अँटेनांच्या झाडाला एक साधा उभा अँटेनाही लटकवा, आणि तासातली पाच मिनिटं १४६.५२ वर या. तुम्हालाही गुणच मिळणार आहेत. एफएमवरचा संपर्क तितक्याच मोलाचा धरतात, कमी नाही. दर आठवड्याला रिपीटरवर हजेरी घेणाऱ्या ज्या नेट असतात, त्या चालवणाऱ्यांनी शेवटची दहा मिनिटं 'आता सगळे सिंप्लेक्सवर या, बघू कोण कोणाला ऐकतंय' असं केलं तर अर्धं काम तिथेच होईल. स्पर्धा तेहतीस तासांची असते हेही नव्या माणसाला घाबरवतं. आपल्या भागापुरतं ठरवून टाकावं, रविवारी सकाळी नऊ ते अकरा एफएमची वेळ. ब्रिटनच्या आरएसजीबीने हे जास्त नीट केलंय. त्यांच्याकडे संध्याकाळच्या मुख्य स्पर्धेच्या आधी तासाभराची स्वतंत्र एफएम स्पर्धा असते. जेवायच्या आधी खेळून मोकळे! आपल्या ऑफिसवाल्यांना परवडेल असं हेच.

पुण्यातल्या एका मित्राला हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला, इकडे तुमच्यासारखे डोंगर फुकट पडलेत. बरोबर आहे त्याचं. मग बसून आपल्याकडच्या चौकटी काढल्या. पुणे एमके६८, मुंबई एमके६९, महाबळेश्वर एमके६७, नगर एमके७९, कोल्हापूर एमके७६. नाशिक शहर बरोबर २० अंश अक्षांशाच्या रेषेवर बसलंय, त्यामुळे गावातल्या गावात ग्रिड बदलतो. आणि एमके६८, ६९, ७८, ७९ ह्या चारही चौकटी जिथे मिळतात तो बिंदू मंचरच्या पूर्वेला काही किलोमीटरवर, कुठल्यातरी शेतात आहे. कळसूबाई १६४६ मीटर. त्याच सूत्राने क्षितिज १६७ किलोमीटर. लायसन्समधल्या जागेच्या आणि वाहत्या स्टेशनच्या अटी आधी बघून घ्याव्या लागतील, पण भूगोलाने आपलं काम चोख करून ठेवलंय.

"पण जिंकून मिळतं काय?" त्याने विचारलंच.

"सर्टिफिकेट. कागदाचं."

"बस्स?"

"बस्स."

"मग येतो," म्हणाला. म्हणजे पुढच्या वर्षी ऑनसाइट आला तर.

पुढची स्पर्धा सप्टेंबरच्या दुसऱ्या पूर्ण वीकांताला, शनिवारी सकाळी ११ पासून. मी मिशन पीकवर असेन, दुपारी चारपर्यंत. आधी १४६.५२, तिथे नसलो तर १४६.५५. ड्रॉवरमधला हँडी शुक्रवारी रात्रीच चार्जिंगला लावा, कारण इतके महिने पडून बॅटरी नक्की उतरलेली असणार. वर येणार असाल तर प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि टोपी. स्टॅनफर्ड अव्हेन्यूचं पार्किंग आठच्या आधीच भरतं. येणार नसाल तर गॅलरीत उभे राहा, पूर्वेकडे तोंड करा आणि हाक मारा. ग्रिड माहीत नसेल तर मी सांगतो.